ऑटिझम आणि बोधात्मक विकासावर संशोधन करायचं आहे: थेट पीएचडी, की आधी मुलांसोबत काम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष चालू आहे, ऑटिझम आणि मुलांचा बोधात्मक विकास (विचार, लक्ष, स्मृती यांची वाढ) यावर संशोधन करायचं मनात आहे. थेट पीएचडीला जावं की आधी काही वर्षं मुलांसोबत काम करावं? कोणता विषय धरला तर तो दहा वर्षांनीही कामाचा राहील? आणि संख्याशास्त्र कच्चं असेल तर निभाव लागेल का? मी बरीच वर्षं याच क्षेत्रात आहे. मुलांच्या चाचण्या घेते आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शनही करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. शिष्यवृत्ती मिळेल का, घरची जबाबदारी किती आहे, पुढे स्वतः निदान करायचंय की फक्त संशोधन, मनासारखा गाईड आहे का. त्यावर क्रम बदलेल आणि ते मी इथून ठरवू शकत नाही. पण तिन्हींतला मधला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'टिकणारा विषय' शोधताना बहुतेक विद्यार्थी टिकणारा सिद्धान्त शोधत असतात, आणि ऑटिझममध्ये सिद्धान्त फारसे टिकत नाहीत.

लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला. त्याच्याही आधी, 1925 मध्ये, ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच मुलांचं बारकाईने वर्णन केलं होतं, पण त्याकडे कित्येक दशकं कोणाचं लक्ष गेलं नाही. कॅनर यांच्या निबंधानंतरची वीसेक वर्षं आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हे मत जोरात होतं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. त्यांनी 1964 मध्ये त्या मताला पुस्तकभर उत्तर दिलं. 1977 मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही मुलं ऑटिस्टिक होती. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांपैकी एकाही जोडीत तसं नव्हतं. आई तर दोन्ही प्रकारच्या जोड्यांत एकच असते, फरक जनुकांच्या सारखेपणाचा. जोड्या इतक्या थोड्या, पण आईला दोष देणाऱ्या मताचा पाया त्यांनी हलवला. ज्यांनी उभी कारकीर्द त्या मतावर रचली होती, त्यांच्या हाती फार थोडं उरलं.

मग टिकतं काय? हे सांगण्यासाठी मी एका प्रयोगाची पुढची वाटचाल सांगते, कारण या क्षेत्रात काम करणं म्हणजे काय ते त्यातून नीट कळतं.

1985 चा सॅली-ॲन प्रयोग तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचला असेल. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांचा. सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, ॲन ती काढून पेटीत टाकते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? 20 ऑटिस्टिक मुलांपैकी 16 जणांनी पेटी दाखवली, म्हणजे सॅलीला काय माहीत आहे ते बाजूला राहिलं आणि गोटी खरोखर जिथे आहे ती जागा दाखवली. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात. पण या प्रयोगाची खरी ताकद त्याच्या रचनेत आहे. डाउन सिंड्रोम असलेली 14 मुलं त्यात होती आणि त्यांचं भाषेचं मानसिक वय (भाषा किती वर्षांच्या मुलासारखी आहे ते) ऑटिस्टिक मुलांपेक्षा कमी होतं. तरी त्यांतली 12 बरोबर आली. त्यामुळे 'बुद्धी कमी म्हणून चुकली' हे सोपं उत्तर बाद झालं. शिवाय प्रत्येक मुलाला आणखी दोन प्रश्न होते: गोटी आता खरी कुठे आहे आणि सुरुवातीला कुठे होती. ते सगळ्यांनी बरोबर सांगितले. म्हणजे गोष्ट लक्षात राहिली नाही असंही म्हणता येत नव्हतं.

पण त्या वीसांपैकी जी चार बरोबर आली, त्यांचं काय? पुढची दहा वर्षं बऱ्याच जणांनी याच प्रश्नावर घालवली. 1995 मध्ये फ्रान्सेस्का हॅपे यांनी दाखवलं की सर्वसाधारण मुलाला ही चाचणी पार करण्याची निम्मी शक्यता साधारण चार वर्षांच्या भाषिक वयात येते, तर ऑटिस्टिक मुलाला ती यायला भाषिक वय नऊच्या आसपास जावं लागतं. त्याच वर्षी कँडिडा पीटरसन आणि मायकल सीगल यांनी ऐकू येणाऱ्या घरात वाढलेली, सांकेतिक भाषा उशिरा मिळालेली बहिरी मुलं तपासली. तीही मोठ्या संख्येने चुकली. ती ऑटिस्टिक नव्हती. मग ही चाचणी नक्की काय मोजते? दुसऱ्याच्या मनाचं भान, भाषा, की मनाविषयी बोलणाऱ्या माणसांत किती वर्षं वावरायला मिळालं ते?

2009 मध्ये आत्सुशी सेन्जू आणि सहकाऱ्यांनी ॲस्पर्जर (ऑटिझमच्या एका प्रकाराचं तेव्हाचं नाव) असलेल्या प्रौढांची नजर मोजली. तोंडी चाचणीत ते बरोबर येत होते, पण सॅलीसारखं पात्र कुठे जाईल याचा नजरेतला आपसूक अंदाज त्यांच्यात दिसला नाही. तोंडी यश ही विचार करून केलेली भरपाई असावी, असा अर्थ लावला गेला. पुढे नजरेच्या त्या चाचणीचाच निकाल कित्येक प्रयोगशाळांना, साध्या मुलांत आणि मोठ्यांतही, पुन्हा मिळेना. पुन्हा तोच प्रश्न: चाचणी काय मोजते?

या सगळ्यात टिकला तो हा प्रश्न. मूल चुकलं तर ते त्याला येत नाही म्हणून, की आपण विचारण्याच्या पद्धतीमुळे? याची उत्तरं दर पिढीत बदलली, पण प्रश्न जिवंत राहिला आणि ज्यांनी तो धरला त्यांचं काम जुनं झालं नाही. उलट बाजूनेही त्याचं फळ मिळालं. अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी 1983 मध्ये दाखवलं की मोठ्या चित्रात लपलेली छोटी आकृती शोधण्यात ऑटिस्टिक मुलं त्याच मानसिक वयाच्या इतर मुलांपेक्षा सरस ठरतात. 'काय कमी आहे' एवढंच विचारलं असतं, तर हे कधी दिसलंच नसतं. मिशेल डॉसन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधक. त्यांनी लॉरां मोत्रों यांच्या गटाबरोबर 2007 मध्ये ऑटिस्टिक मुलांचे वेक्सलर (यात बरेच प्रश्न तोंडी) आणि रेव्हन (यात फक्त आकृत्यांची कोडी) अशा दोन बुद्धिमापन चाचण्यांचे गुण शेजारी ठेवले. रेव्हनवर ती मुलं वेक्सलरपेक्षा सरासरी 30 शतमक (पर्सेंटाइल) वर होती. मुलं तीच, फक्त चाचणी बदलली.

आता प्रत्यक्ष कामातलं एक उदाहरण. न बोलणारा, सातेक वर्षांचा एक मुलगा. काम साधं होतं: वरच्या कार्डावरचं चित्र खालच्या तिघांत शोधायचं. तो कार्ड उचलायचा, डोळ्यांजवळ तिरकं धरायचा, हळूहळू फिरवायचा आणि टाकून द्यायचा. फॉर्मवर दर वेळी 'प्रतिसाद नाही' असं लिहावं लागत होतं. शेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं की लॅमिनेशनवर दिव्याचा पट्टा सरकत होता आणि तो त्या पट्ट्याकडे पाहत होता. चित्र त्याच्यासाठी त्या खेळात नव्हतंच. नियमाप्रमाणे सत्र संपवलं. थोड्या विश्रांतीनंतर तीच चित्रं चकाकी नसलेल्या जाड कागदावर दिली, तर एकामागून एक जोड्या लावून तो मोकळा झाला.

यापुढची गोष्ट नवशिक्यांना अवघड जाते. त्या दुसऱ्या खेपेचे गुण मी अभ्यासात घेतले नाहीत. बाकी मुलांना चकाकणारी कार्डं मिळाली असताना एकट्याचीच बदलली, तर तुलना उरत नाही. निरीक्षण वेगळं नोंदवलं आणि पुढच्या अभ्यासासाठी सगळ्यांचीच कार्डं बदलून पुन्हा प्राथमिक चाचणी घेतली. मुलाची बाजू घ्यायची ती चाचणी सुधारून. मिळालेला आकडा मात्र आहे तसाच ठेवायचा.

हे इतकं ठामपणे सांगण्याचं कारण आहे. 'या मुलात खूप काही दडलंय, आपल्याला दिसत नाही' ही भावना चांगली आहे, पण तिनेच या क्षेत्राचं एक फार मोठं नुकसान केलं. 1990 च्या दशकात फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन नावाची पद्धत जोरात पसरली. न बोलणाऱ्या माणसाचा हात किंवा मनगट मदतनीस धरतो आणि तो माणूस कीबोर्डवर टंकतो. पानंच्या पानं लिहिली जाऊ लागली, पालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग साधी तपासणी झाली. मदतनिसाला एक चित्र दाखवायचं आणि मुलाला दुसरं, दोघांनाही एकमेकांचं चित्र दिसू द्यायचं नाही. टंकून यायचं ते मदतनिसाने पाहिलेलं. मदतनीस लबाड नव्हते, आपण हात चालवतोय हे त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं. म्हणून चाचणीवर शंका घ्याच, पण दुसरी, अधिक चांगली चाचणी करून. चाचणीच नको म्हटलं की आपल्याला हवं ते दिसायला लागतं, आणि त्यात त्या मुलाचा स्वतःचा आवाज हरवतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. शक्य असेल तर पीएचडीआधी वर्षभर तरी मुलांमध्ये घालवा. शाळेत, उपचार केंद्रात किंवा एखाद्या संशोधन गटात सहायक म्हणून. फक्त ऑटिस्टिक मुलांमध्ये नको. ज्याने साधारण वाढणारी तीन वर्षांची दहा मुलं जवळून पाहिलेली नाहीत, त्याला चार वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचं कोणतं वागणं वेगळं आणि कोणतं फक्त चार वर्षांचं, हे ओळखता येत नाही. मुलाखतीला येणाऱ्या हुशार विद्यार्थ्यांत मला ही उणीव सगळ्यात जास्त दिसते.

मात्र एक लक्षात ठेवा. उपचार करताना तुम्हाला मुलाला यश मिळवून द्यायचं असतं. हात धरून, इशारा देऊन, पायरी सोपी करून. चाचणी घेताना तोच हात मागे ठेवावा लागतो. अनेक वर्षं उत्तम थेरपिस्ट असलेल्या माणसाला ही सवय मोडणं कठीण जातं. बरोबर उत्तराकडे त्यांची नजर आधी जाते, मुलाचा हात योग्य पेटीकडे वळला की श्वास सुटतो, 'हं' निघून जातं. मुलं हे सगळं टिपतात. माझ्याकडे नवीन माणूस आला की आधी त्याचं स्वतःचं चित्रीकरण आवाज बंद करून बघायला लावते. फक्त चेहरा बघून बरोबर उत्तर ओळखता आलं, तर तो अजून चाचणी घ्यायला तयार नाही.

निदान करायचं असेल तर मार्ग वेगळा आणि लांब आहे. एडॉस (मुलाचं ठरावीक पद्धतीने निरीक्षण) आणि एडीआय-आर (पालकांची सविस्तर मुलाखत) ही संशोधनात सर्वाधिक वापरली जाणारी साधनं. त्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि आपले गुण इतर प्रशिक्षित परीक्षकांशी जुळतात हे दाखवावं लागतं. पण निदान फक्त साधनाच्या गुणांवर होत नाही, त्यासाठी क्लिनिकल अनुभव लागतो. निव्वळ संशोधनात राहायचं असेल तर क्लिनिकल पात्रतेशिवाय चालतं, फक्त गटात तशी पात्रता असलेला सहकारी हवा.

संख्याशास्त्राबद्दल स्पष्ट सांगते: कच्चं ठेवून चालणार नाही. सूत्रं पाठ असण्यापेक्षा तुलनेचं डोकं हवं. दहा वर्षांच्या एका ऑटिस्टिक मुलाची भाषा पाच वर्षांच्या मुलासारखी आहे. त्याची तुलना कोणाशी कराल? दहा वर्षांच्या मुलांशी केली तर दिसलेला फरक ऑटिझमचा की भाषेचा, ते कळत नाही. पाच वर्षांच्या मुलांशी केली तर भाषा जुळते, पण या मुलाच्या गाठीला आयुष्याची पाच वर्षं जास्त आहेत. आणि भाषेऐवजी चित्रांच्या चाचणीवर मानसिक वय काढलं तर तेच मूल आठ वर्षांच्या गटात जाऊन बसेल. तिन्ही तुलना छापून येतात आणि तीन वेगळी उत्तरं देतात. ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांनी यातून मार्ग दाखवला: एका क्षणी दोन गट शेजारी ठेवण्यापेक्षा एखादी क्षमता वयाबरोबर कशी वाढत जाते त्याची वाट काढा. सारखे गुण मिळवणारी दोन मुलं त्या गुणांपर्यंत वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेली असू शकतात. या वाटा काढायला मिश्र प्रतिमानं (एकाच मुलाची पुन्हा पुन्हा घेतलेली मोजमापं हाताळणारी संख्याशास्त्रीय पद्धत), मापनाची विश्वासार्हता आणि गळालेल्या माहितीची हाताळणी नीट समजावी लागते. आर किंवा पायथन या संगणकभाषांपैकी एक हाताखालची करा. आधीपासून रोज थोडं केलं तर हे शिकता येतं, आणि गणिताची भीती घेऊन आलेले विद्यार्थी यात चांगले तयार झालेले मी पाहिले आहेत.

एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगते. विकासाचा अभ्यास म्हणजे वाट पाहणं. ज्यांचं मोठं भावंड ऑटिस्टिक आहे अशा बाळांचा जन्मापासून मागोवा घेणारे अभ्यास आहेत. 2011 मध्ये अशा 664 बाळांची माहिती एकत्र केली तेव्हा 18.7 टक्के बाळांना तीन वर्षांपर्यंत निदान झालं. वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी 2013 मध्ये दाखवलं की पुढे निदान झालेल्या बाळांचं समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहणं दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान घसरत जातं, सुरुवातीला, दोन महिन्यांच्या वयात, ते कमी नसतं. असं काम डोळ्यांत भरतं, पण एका पीएचडीच्या मुदतीत ते शून्यातून उभं राहत नाही. तुम्हाला अशी ओढ असेल तर आधीपासून चालू असलेल्या अभ्यासात शिरा, स्वतःचा नवीन सुरू करू नका.

मग विषय कोणता? माझं मत विचाराल तर: जी मुलं बोलत नाहीत, बोट दाखवत नाहीत, पाच मिनिटं खुर्चीवर बसत नाहीत, त्यांच्यासाठी चाचण्या तयार करण्याचं काम. ऑटिझमवरच्या संशोधनात भाग घेणाऱ्यांत बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा वाटा प्रत्यक्षापेक्षा फारच थोडा असतो. कारण सरळ आहे, त्यांच्याकडून आकडे मिळवणं अवघड असतं. 'सूचना समजली नाही' म्हणून ज्या मुलाला वगळलं, त्याच्याविषयी आपण काहीच शिकलो नाही, आणि त्याच्याच पालकांना उत्तरांची सर्वाधिक गरज असते. नजर मोजणारी उपकरणं, स्पर्शपडदे, खेळातून घेतलेली मोजमापं, यांत करण्यासारखं खूप आहे. पेपर कमी निघतील, हे आधीच सांगून ठेवते.

ऑटिस्टिक लोकांना फक्त सहभागी म्हणून बोलावू नका, अभ्यास आखतानाही बोलवा. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये मांडलं की समजुतीची अडचण दोन्ही बाजूंची असते: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळायला जड जातं, तसं इतरांनाही त्याचं. सॅली-ॲनच्या काळात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि तो आतून अनुभव असलेल्या माणसाकडून आला.

पालकांबद्दलही थोडं. सत्र संपून दार उघडलं की बाहेर थांबलेली आई पहिलं विचारते, "जमलं का त्याला?" तेव्हा काय बोलायचं हे त्या क्षणी सुचत नाही, आधी ठरलेलं असावं लागतं. संमतीपत्र भरतानाच सांगा की ही चाचणी निदानासाठी नाही, एकट्या मुलाच्या गुणांवरून त्याच्याविषयी काही ठरत नाही. पण तिला रिकाम्या हाती पाठवू नका. त्याने काय केलं, कशात रमला, कुठे कंटाळला ते सांगा. आणि मूल उठून निघालं तर पालकांची सही असली तरी थांबायचं. न बोलणाऱ्या मुलाचा नकार त्याच्या अंगावरून वाचावा लागतो.

नोकरीचं थोडक्यात: कायम जागा कमी आहेत, पीएचडीनंतर काही वर्षं करारावरची कामं करावी लागतात. मूल्यमापन, विशेष शिक्षण, शैक्षणिक साधनांची निर्मिती आणि विदाविश्लेषण हे बाजूचे रस्ते आहेत आणि ते कमी प्रतीचे नाहीत. गाईड निवडताना त्याच्या पेपरांची संख्या पाहण्याआधी त्याच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला. मुलांबरोबर किती वेळ मिळतो आणि अपेक्षेविरुद्ध निकाल आला तर त्या गटात पुढे काय होतं, हे दोन प्रश्न नक्की विचारा.

गाईडला पत्र लिहिण्याआधी एक करा. सॅली-ॲनसारखं एक जुनं, साधं काम निवडा. ओळखीच्या तीन-चार मुलांबरोबर, पालकांची परवानगी घेऊन, ते करून बघा आणि चित्रित करा. मग प्रत्येक मूल कुठे पाहत होतं, तुम्ही कुठे पाहत होता, आणि चुकीच्या उत्तराची आणखी कोणती कारणं असू शकतात, हे एका पानात लिहा. 'मला लहानपणापासून मुलांची आवड आहे' अशी सुरुवात असलेली पत्रं माझ्याकडे ढिगाने येतात. ते एक पान जोडलेलं असेल तर मी पत्र शेवटपर्यंत वाचते आणि पुढची वेळ ठरवते.